गणित, सैतान आणि इमाम गझाली

समाजमाध्यमांवर एक मजकूर वरचेवर फिरत असतो. अबू हामिद गझाली या सूफी धर्मपंडिताने आकडेमोड हे सैतानाचे काम ठरवले, कार्यकारणभाव नाकारला, ज्ञानाकडे पाठ फिरवून फकिरी पत्करली आणि तेथून इस्लामी जगातले विज्ञान संपले, असा त्याचा आशय असतो. यांपैकी पहिले विधान सर्वाधिक आवडीने सांगितले जाते आणि नेमके तेच सर्वांत निराधार आहे.

ग्रीक परंपरेतल्या तत्त्वज्ञांवर टीका करणारा ‘तहाफुत अल-फलासिफा’ हा ग्रंथ गझालींनी १०९५ मध्ये पूर्ण केला. त्याच्या प्रास्ताविकातच ग्रहणाचा दाखला आहे. सूर्य आणि चंद्र यांच्या मध्ये पृथ्वी आली की चंद्रग्रहण होते, हे भूमितीने सिद्ध झालेले आहे. त्याला धर्माच्या नावाने विरोध करणारा धर्माचेच नुकसान करतो, कारण ज्याला ते गणित कळते तो गणितावर नव्हे, धर्मावर शंका घेऊ लागतो, असा त्यांचा युक्तिवाद आहे. ‘एह्या उलूम अद-दीन’ या त्यांच्या महाग्रंथात वैद्यक आणि अंकगणित या विद्या ‘फर्ज-ए-किफाया’ (सामूहिक कर्तव्य) मानल्या आहेत, म्हणजे गावात कोणालाच त्या येत नसतील तर दोष साऱ्या गावाच्या माथी. कित्येक गावांत मुसलमान वैद्य नसताना जो तो धर्मशास्त्राच्या वादांमागे धावतो, कारण वैद्यकातून काझीपद किंवा वक्फाचा कारभार मिळत नाही, हेही ते तेथे झोंबेल अशा शब्दांत सुनावतात.

तरीही आक्षेपाला थोडा आधार आहे, हे मान्य केले पाहिजे. ‘अल-मुन्किझ’ या आत्मकथनपर पुस्तकात ते म्हणतात की गणिताच्या काटेकोरपणाने भारावलेला विद्यार्थी तत्त्वज्ञांची ईश्वरविषयक मतेही तितकीच पक्की समजू लागतो, म्हणून गणितात बुडून जाणाऱ्यांना आवरावे. हा सल्ला मला पटत नाही. पण त्याच पानांवर दुसरा धोका म्हणून त्यांनी धर्माच्या त्या अडाणी मित्राला उभे केले आहे, जो सगळ्या शास्त्रांना सरसकट खोटे ठरवतो.

कार्यकारणभावाची चर्चा ‘तहाफुत’च्या सतराव्या प्रकरणात आहे. कापसाला आग लागली की तो जळतो, हे आपण पाहतो. परंतु डोळ्यांना दिसते ते एकापाठोपाठ दुसरे घडणे, त्यातली अटळता दिसत नाही, आणि गझालींच्या मते हा ईश्वराने घालून दिलेला परिपाठ आहे. अटळ काहीच नसेल, तर घरी ठेवलेल्या पुस्तकाचा एव्हाना घोडा होऊन त्याने ग्रंथालयात लीद टाकली असेल काय, हा उपहासही ते विरोधकाच्या वतीने स्वतःच मांडतात आणि त्याला उत्तर देतात. चमत्काराला जागा ठेवायची होती, हे उघड आहे. पण आग जाळते हे त्यांनी नाकारलेले नाही.

फकिरीची गोष्ट अधिक हृद्य आहे. १०९१ पासून ते बगदादच्या निजामिया मदरशात शिकवत होते. १०९५ च्या उन्हाळ्यात त्यांची वाचाच बसली. विद्यार्थ्यांच्या समाधानासाठी एक दिवस तरी शिकवावे म्हटले तर शब्द फुटेना, घोटभर पेज घशाखाली उतरेना, आणि दुखणे मनाचे आहे असे सांगून वैद्यांनी हात टेकले. हजचे निमित्त सांगून, मुलाबाळांपुरते ठेवून बाकीचे वाटून टाकून ते निघाले. ही विरक्ती कीर्तीच्या हव्यासाबद्दल होती, ज्ञानाबद्दल नव्हती. ११०६ मध्ये ते इराणमधील निशापूरला पुन्हा अध्यापनास बसले. तूस या आपल्या जन्मगावी मदरसा आणि साधकांसाठी खानकाह, म्हणजे सूफी मठ, शेजारी शेजारी चालवली. आणि उतारवयात लिहिलेल्या ‘अल-मुस्तस्फा’ या इस्लामी कायदेशास्त्रावरील ग्रंथाच्या आरंभी, ज्याला तर्कशास्त्र येत नाही त्याच्या ज्ञानावर भरवसा ठेवता येत नाही, असे बजावले.

११११ मध्ये ते वारले. विज्ञान मात्र तेथे संपले नाही. त्यानंतर अल-जझारीचा यंत्रांवरील ग्रंथ आला, इब्न नफीसने फुप्फुसांतील रक्ताभिसरण वर्णिले, आणि तूसच्याच नसीरुद्दीनने १२५९ मध्ये इराणमधील मरागा येथे वेधशाळा उभारायला घेतली. दमास्कसच्या ज्या उमय्या मशिदीच्या मिनारात बगदाद सोडल्यावर गझाली दार लावून दिवसचे दिवस बसत, त्याच मशिदीत चौदाव्या शतकात इब्न शातिर नमाजाच्या वेळांचे गणित करी आणि ग्रहगतीची नवी प्रतिमाने मांडी.