मला टीव्ही बघायचाच नाहीये!

टीव्हीचं यूएसबी डोंगल खोचलं रे खोचलं की लिनक्सला (माझ्या लॅपटॉपच्या ऑपरेटिंग सिस्टिमला) वाटतं, हा माणूस टीव्ही बघायला बसला. कोण बघतंय टीव्ही? आणि या डोंगलवर भारतात दिसणार काय, डोंबल? ते डीव्हीबी-टी या जुन्या डिजिटल टीव्ही पद्धतीचं. दूरदर्शनचं टॉवरवरून येणारं डिजिटल प्रक्षेपण डीव्हीबी-टी२चं, आणि यातल्या आरटीएल२८३२यू चिपला एकटीला टी२ कळतच नाही. म्हणजे ज्या कामासाठी एवढी लगबग, ते काम इथे होणारच नाही. तरी हा पठ्ठ्या दरवेळी टीव्हीचा ड्रायव्हर, म्हणजे वस्तू चालवणारा प्रोग्रॅम, चढवून मोकळा!

ज्यांना ही भानगड माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आरटीएल२८३२यू ही मुळात टीव्हीची चिप. तिच्यातून रेडिओचे कच्चे सॅम्पल थेट काढता येतात हे २०१२च्या सुमारास सगळीकडे पसरलं, आणि तेव्हापासून जगभरचे हौशी लोक या स्वस्तातल्या डोंगलचा रेडिओ रिसीव्हर करतात. १०९० मेगाहर्ट्झवर विमानांचे सिग्नल, १३७च्या पट्ट्यात हवामानाचे उपग्रह. रशियाचा मेटिओर डोक्यावरून जातो तो जेमतेम दहा-पंधरा मिनिटं. तेवढ्यात गच्चीवर अँटेना धरायची, लॅपटॉप सावरायचा, सॉफ्टवेअर सुरू करायचं, आणि पडद्यावर काय उमटतं? ‘यूएसबी क्लेम इंटरफेस एरर -६’. डिव्हाइस बिझी आहे म्हणे. कशात बिझी? टीव्हीत! बसा मग टर्मिनलकडे बघत, उपग्रह जातो आपल्या वाटेने.

होतं काय, की डोंगल लागल्याबरोबर कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, त्याचे दोन नंबर वाचतो, एक कंपनीचा आणि एक वस्तूचा: ०बीडीए आणि २८३८. त्यावरून मोडअलायस नावाची एक ओळ तयार होते. यूडेव्ह नावाचा प्रोग्रॅम ती उचलतो, डेपमॉड या दुसऱ्या प्रोग्रॅमने आधीच करून ठेवलेल्या यादीत ती शोधली जाते, आणि जुळली की मॉड्यूल (कर्नलला जोडायचा ड्रायव्हर) आत. तेही एकटं येत नाही, अख्खं वऱ्हाड घेऊन येतं. डीव्हीबी कोअर, डिमॉड्युलेटर, ट्यूनर, आणि वर रिमोट कंट्रोलचीही सोय. रिमोट! मी इथे उपग्रह ऐकतोय आणि याने चॅनल बदलायची तयारी करून ठेवलीय.

माउस, वेबकॅम, साउंड कार्ड यांच्यासाठी हे उत्तमच आहे, त्याबद्दल एक शब्द बोलणार नाही. पण ते दोन नंबर वस्तू कोणती एवढंच सांगतात. मालकाला तिचं काय करायचंय, ते विचारायची पद्धत या सगळ्या साखळीत कुठेच नाही.

बरं, नको म्हणायचं तर कसं म्हणायचं? रेडिओची लायब्ररी बिचारी एररखालीच सांगते, मॉड्यूल ब्लॅकलिस्ट करा, म्हणजे नकोच्या यादीत टाका. करा की! ईटीसीतल्या मोडप्रोब-डी या फोल्डरमध्ये फाइल ठेवा. फाइलच्या नावाशेवटी डॉट-कॉन्फ नसेल तर ती वाचलीच जात नाही, आणि तसं कोणी सांगतही नाही. नाव नीट दिलं तरी मॉड्यूल आधीच चढलेलं असेल तर त्याला या फाइलचं काही सोयरसुतक नाही. डोंगल उपसा, पुन्हा खोचा, मॉड्यूल मेमरीत ठाण मांडून असतं आणि लगेच झडप घालतं. हाताने मोडप्रोब वजा-आर ही कमांड देऊन ते उतरवा, नाहीतर मशीन रीस्टार्ट करा.

आणि खरी गंमत पुढेच आहे. या ब्लॅकलिस्टचा अर्थ ‘चढवू नको’ असा नाहीच. अर्थ असा, की नंबरावरून आपोआप शोधताना याच्याकडे दुर्लक्ष कर. दुसऱ्या कुठल्या मॉड्यूलला ते लागलं, किंवा कोणी थेट नावाने हाक मारली, की ते खुशाल आत! ते टाळायला लोक काय करतात? ‘इन्स्टॉल’ची ओळ लिहून त्यापुढे बिन-फॉल्स ठेवतात, म्हणजे मॉड्यूल चढवण्याच्या नावाखाली मुद्दाम नापास होणारा प्रोग्रॅम चालवायचा. माझ्याच मशीनला नाही म्हणायला मी त्यालाच गंडवायचं! ग्राफिक्ससारखं मॉड्यूल असेल तर त्याची प्रत इनिटरॅमएफएसमध्येही (मशीन सुरू होताना आधी लागणाऱ्या फाइलींच्या गठ्ठ्यात) बसलेली असते, तीही पुन्हा बांधा. कर्नलने स्वतः पाळावा असा नकार आहे, नाही असं नाही. पण तो मशीन सुरू होताना कर्नलला दिल्या जाणाऱ्या बूटच्या ओळीत लिहायचा, मॉड्यूल-ब्लॅकलिस्ट म्हणून. तिथे कोण कशाला बघायला जाईल?

काही डिस्ट्रोंमध्ये (लिनक्सच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांमध्ये) रेडिओचं पॅकेजच ही ओळ टाकून देतं किंवा ड्रायव्हरला आपणहून बाजूला करतं. काहींमध्ये नाही. आपण कुठल्या बाजूचे, हे कळतं उपग्रह वर असताना.

तेव्हा ‘एवढं काय त्यात, एक ओळ तर टाकायची’ असं सांगायला कृपया कोणी येऊ नका. ओळ टाकलेली आहे. डॉट-कॉन्फही आहे. आणि चढलेल्या मॉड्यूलांची यादी दाखवणारं एलएसमॉड मारलं तर डीव्हीबी कोअर तिथेच बसलंय.