‘हॉटेल मुंबई’ आणि एका फॉरवर्डमधले चार दावे

२६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबईवरील दहशतवादी हल्ल्यावर बेतलेल्या ‘हॉटेल मुंबई’ या चित्रपटावरचा एक लांबलचक संदेश सध्या जळगाव-भुसावळकडच्या व्हॉट्सॲप गटांत फिरतो आहे. पाचोऱ्यात पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या माझ्या भाच्याने तो मला पाठवला आणि खाली विचारले, ‘मामा, पोलीस खरंच पळाले होते का?’ एरवी अशा मजकुराकडे मी ढुंकूनही पाहत नाही; या प्रश्नाला मात्र उत्तर देणे भाग आहे.

संदेशाचे म्हणणे असे: चित्रपटातला प्रत्येक प्रसंग जसाच्या तसा घडलेला आहे, हल्ला फक्त श्रीमंतांच्या हॉटेलांवर होता, पोलिसांनी पळ काढला आणि कमांडोंनी मुंबई वाचवली, पुढे सरकारने जिवंत पकडलेल्या हल्लेखोराला, कसाबला, बिर्याणी खाऊ घातली.

पहिला दावा चित्रपटकर्त्यांनीही केलेला नाही. देव पटेलने साकारलेला अर्जुन हा वेटर कोणी एक खरा माणूस नसून हॉटेलच्या कर्मचाऱ्यांच्या अनुभवांतून रचलेले पात्र आहे. चित्रपटात हल्लेखोरांना फोनवरून हुकूम सोडणाऱ्या सूत्रधारांना मात्र भक्कम आधार आहे, हे मान्य करावे लागेल. सर्वोच्च न्यायालयाच्या २९ ऑगस्ट २०१२ च्या निकालपत्रात त्या संभाषणांचे उतारेच दिलेले आहेत आणि ते पडद्यावरच्या संवादांहून अधिक थंड, अधिक भयंकर वाटतात.

‘फक्त श्रीमंतांवर’ म्हणणाऱ्याने तेच निकालपत्र उघडून मुंबईच्या सीएसटी रेल्वे स्थानकाचा भाग वाचावा. तिथे लांब पल्ल्याच्या गाड्यांच्या दालनात पन्नासहून अधिक माणसे मारली गेली. पिशवी उशाला घेऊन, फरशीवर चादर अंथरून रात्रीच्या गाडीची वाट पाहणारी कुटुंबे खानदेशातून रेल्वेने मुंबईला जाणाऱ्या कोणालाही परकी नाहीत. गोळीबार चालू असताना उद्घोषक विष्णू झेंडे ध्वनिक्षेपकावरून प्रवाशांना बाहेर पडण्याचा मार्ग सांगत राहिले. चित्रपटाने ताज हॉटेल निवडले, हा दिग्दर्शकाचा अधिकार आहे. पण त्यावरून हल्ला तेवढाच होता असे ठरवणे हा निव्वळ आळस आहे.

सर्वांत संतापजनक दावा पोलिसांबद्दलचा आहे. राष्ट्रीय सुरक्षा रक्षक दलाचे कमांडो मुंबईत पोहोचले ते २७ नोव्हेंबरच्या सकाळी. त्याआधीच, मध्यरात्रीनंतर गिरगाव चौपाटीच्या नाकाबंदीत पोलिसांनी कसाबला जिवंत पकडले होते आणि त्याच्या साथीदाराला ठार केले होते. सहायक पोलीस उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनी कसाबच्या रायफलची नळी हातांनी धरून ठेवली, गोळ्या अंगावर झेलल्या, पण पकड सोडली नाही. हा हल्लेखोर जिवंत सापडला नसता तर कट कोठे शिजला हे न्यायालयात सिद्ध करणे किती अवघड गेले असते, याचा विचार संदेश लिहिणाऱ्याने केलेला दिसत नाही. हेमंत करकरे, अशोक कामटे आणि विजय साळसकर हे पोलीस अधिकारी कामा रुग्णालयाजवळच्या गल्लीत मारले गेले. पळणाऱ्यांना असे मरण येत नाही. पोलिसांची शस्त्रे जुनी होती, वरच्या पातळीवर समन्वयाचा अभाव होता आणि हल्ल्यानंतर चौकशीसाठी नेमलेल्या राम प्रधान समितीने त्या उणिवांवर बोट ठेवले, हे सारे खरे आहे. परंतु अपुऱ्या साधनांनिशी उभे राहणे आणि पळून जाणे यांतला फरक शाळकरी पोरालाही कळतो. शिवाय याच चित्रपटात कमांडो येण्याआधी स्थानिक पोलिसांची छोटी तुकडी ताजमध्ये शिरताना दाखवली आहे. हा संदेश लिहिणाऱ्याने चित्रपट तरी धड पाहिला आहे का, अशी शंका येते.

उरली बिर्याणी. त्या कथेचे मूळ कसाबच्या खटल्यातले सरकारी वकील, आपल्या जळगावचेच उज्ज्वल निकम यांच्या विधानात आहे. कसाबने बिर्याणी मागितली नव्हती आणि त्याला ती दिलीही नव्हती. त्याच्याविषयी निर्माण होऊ पाहणारी सहानुभूती मोडण्यासाठी आपण ती गोष्ट रचली, असे त्यांनी २०१५ मध्ये जयपूरला जाहीरपणे सांगितले. सांगणाऱ्यानेच तेव्हा मागे घेतलेली गोष्ट आमचे गट अजून ‘जास्तीत जास्त शेअर करा’ असे लिहून पुढे ढकलत आहेत.