मिरांडा वाचला नाही म्हणून खटला संपत नाही

अमेरिकेतल्या न्यायव्यवस्थेबद्दलचा एक मजकूर मराठी व्हॉट्सॲप गटांत फिरतो. त्याचा गाभा असा: अटक करताना पोलिसांनी गप्प राहण्याचा आणि वकील मागण्याचा हक्क वाचून दाखवला नाही (यालाच तिथे ‘मिरांडा वाचणं’ म्हणतात) तर खटला रद्द होतो, संशयित गप्प बसला की पोलिसांचा इलाज चालत नाही, निर्दोष माणसाला बोलायला भीती नाही, आणि गुन्हेगार असे सुटतात म्हणूनच तिथल्या लोकांचा कोर्टावर विश्वास उरलेला नाही. यातलं पहिलं विधान अर्धवट आहे, बाकीची चुकीची आहेत. तिकडे शिकणाऱ्या किंवा नोकरी करणाऱ्या आपल्या मुलांनी ती खरी मानली तर त्यांचं मोठं नुकसान होऊ शकतं.

“हक्क वाचले नाहीत, खटला रद्द”

ज्याच्या नावाने हा नियम ओळखला जातो त्या एर्नेस्टो मिरांडाचंच काय झालं ते पाहा. १९६३ मध्ये फिनिक्स शहरात त्याला अटक झाली आणि सुमारे दोन तासांच्या चौकशीत त्याने कबुली लिहून दिली. त्याला हे हक्क सांगितले नव्हते म्हणून १९६६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी ती कबुली बाद केली. पुढच्याच वर्षी खटला नव्याने चालला. कबुली नव्हती, पण पूर्वी त्याच्यासोबत राहणाऱ्या स्त्रीची साक्ष होती. तो पुन्हा दोषी ठरला आणि शिक्षाही तेवढीच, २० ते ३० वर्षांची झाली.

म्हणजे बाद होतो तो जबाब. इतर पुरावा असेल तर खटला चालतोच. शिवाय हक्क वाचायची सक्ती दोन गोष्टी एकत्र असतील तरच लागू होते: माणूस ताब्यात हवा आणि त्याला प्रश्न विचारले जायला हवेत. रस्त्यात गाडी थांबवून केलेली नेहमीची विचारपूस यात येत नाही, हे १९८४ पासून ठरलेलं आहे. बाद झालेला जबाबही पुरता मरत नाही. आरोपीने कोर्टात साक्ष देताना वेगळं सांगितलं तर त्याला खोटं पाडायला तो वापरता येतो (१९७१ चा निकाल). लोकांच्या जिवाला धोका असेल, उदाहरणार्थ दुकानात कुठेतरी पिस्तूल टाकलेलं असेल, तर “ते कुठे आहे?” हे आधी विचारता येतं (१९८४). आणि जबाब स्वेच्छेने दिलेला असेल तर त्यावरून सापडलेली वस्तू पुरावा म्हणून चालते (२००४). हक्क सांगितले नाहीत एवढ्याच कारणावरून पोलिसावर भरपाईचा दावाही करता येत नाही, असं २०२२ मध्ये ६ विरुद्ध ३ मतांनी ठरलं.

“गप्प बसलं की झालं”

सगळ्यात धोक्याचा गैरसमज हाच. मिशिगनमधल्या एका खटल्यात संशयित जवळपास तीन तास बहुतेक गप्प होता. शेवटी त्याला विचारलं, त्या मुलाला गोळी घातल्याबद्दल क्षमा कर म्हणून तू देवाची प्रार्थना करतोस का? तो “हो” म्हणाला. तेवढं पुरलं. आपण गप्प राहण्याचा हक्क वापरतो आहोत हे त्याने स्पष्ट सांगितलंच नव्हतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये म्हटलं. २०१३ च्या टेक्सासमधल्या खटल्यात तर अटकही झालेली नव्हती. माणूस आपण होऊन ठाण्यात आला, उत्तरं देत होता, आणि काडतुसांच्या पुंगळ्या तुझ्या बंदुकीशी जुळतील का, या प्रश्नावर गप्प झाला. ती शांतताच सरकारी वकिलांनी ज्युरीपुढे त्याच्याविरुद्ध मांडली आणि ते मान्य झालं.

वकिलाचंही तसंच. “मे बी आय शुड टॉक टु अ लॉयर” हे वाक्य १९९४ मध्ये अपुरं ठरलं. “बहुतेक”, “वाटतं”, “चालेल का” असं काही नको. म्हणायचं ते असं: “आय वाँट अ लॉयर. आय विल नॉट आन्सर क्वेश्चन्स.” ताब्यातल्या माणसाने वकील स्पष्ट मागितला की वकील येईपर्यंत चौकशी थांबवावी लागते. पण नंतर आपणच विषय काढून बोलायला लागलो तर ते संरक्षण आपणच घालवतो.

आपल्याकडच्या सवयीने इथे घात होतो. भारतात पोलिसापुढचा कबुलीजबाब आरोपीविरुद्ध वापरता येत नाही (पूर्वीच्या पुरावा कायद्याचं कलम २५, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाचं २३). अमेरिकेत तो वापरता येतो. हक्क वाचायची गरज तिथे म्हणूनच पडली.

“निर्दोषाला भीती कसली”

तुझ्या साथीदाराने सगळं कबूल केलंय, असं पोलीस खोटं सांगू शकतात. १९६९ पासून सर्वोच्च न्यायालयाला एवढ्यावरून जबाब बाद करावासा वाटलेला नाही. इलिनॉय आणि ओरेगनने २०२१ मध्ये निदान अल्पवयीनांच्या बाबतीत त्यावर बंधन आणलं. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्क प्रकरणात १९८९ मध्ये १४ ते १६ वर्षांच्या पाच मुलांना पकडलं. दीर्घ चौकशीनंतर त्यांच्यापैकी चौघांच्या कबुल्या कॅमेऱ्यावर आल्या. २००२ मध्ये दुसऱ्याच माणसाची कबुली आणि डीएनए जुळल्यावर पाचही जणांच्या शिक्षा रद्द झाल्या. तोवर त्यांची वर्षं तुरुंगात गेली होती.

घाबरून खोटं बोलणं मात्र गप्प राहण्यापेक्षा वाईट. केंद्रीय अधिकाऱ्याला महत्त्वाच्या बाबतीत जाणूनबुजून खोटं सांगणं हा स्वतंत्र गुन्हा आहे, त्याला ५ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

“म्हणूनच विश्वास उडाला”

अविश्वास खरा आहे. गॅलप या संस्थेच्या २०२२ च्या जनमत पाहणीत फौजदारी न्यायव्यवस्थेवर भरपूर विश्वास असल्याचं १४ टक्केच लोकांनी सांगितलं. काहींना कोर्टं ढिली वाटतात, हेही खरं. पण आरोपी धडाधड सुटतात हे चित्र आकड्यांत बसत नाही. केंद्रीय न्यायालयांतल्या ९७ टक्के आणि राज्यांतल्या ९४ टक्के दोषसिद्धी गुन्हा कबूल केल्याने होतात, असं सर्वोच्च न्यायालयानेच २०१२ मध्ये नोंदवलं. यात साक्षीदारांची उलटतपासणी नाही, ज्युरी नाही. जामिनाचे पैसे नसलेला माणूस महिनोन्‌महिने कोठडीत बसण्यापेक्षा कबुली देऊन घरी जाणं पसंत करतो. कमी शिक्षेच्या बदल्यात कबुली देण्याच्या या सौद्यात निर्दोष माणूसही अडकतो.

भारतीय पासपोर्ट असणाऱ्याने तर असा सौदा कधीच घाईने करू नये. किरकोळ वाटणाऱ्या कबुलीनेही व्हिसा किंवा ग्रीन कार्ड जाऊ शकतं. या परिणामाबद्दल आपल्या अशिलाला सल्ला देणं फौजदारी वकिलाचं कर्तव्य आहे, असं २०१० पासून ठरलेलं आहे. त्याने तो दिला नाही तर आपण मागावा. ऐपत नसेल तर तुरुंगवास होऊ शकणाऱ्या फौजदारी खटल्यात सरकार वकील देतं. हद्दपारीच्या सुनावणीत मात्र सहसा तो आपल्यालाच शोधावा लागतो. वाणिज्य दूतावासांविषयीच्या आंतरराष्ट्रीय व्हिएन्ना कराराच्या ३६ व्या कलमानुसार अटकेची खबर भारतीय वाणिज्य दूतावासाला देता येते, पण ती आपण मागितली तर. तेव्हा वकील मागतानाच हेही मागायचं: “प्लीज नोटिफाय द इंडियन कॉन्सुलेट.”