पुऱ्या तळायच्या नाहीत

मंगळवारी संध्याकाळी कट्ट्यावरचा धाकटा चहाचा ग्लास हातात धरून बराच वेळ गप्प बसला होता. शेवटी त्याने विचारले की दोन माणसांच्या जेवणात असे काय करावे, जे करायला सोपे असेल पण खाणाऱ्याला मात्र बरीच खटपट केल्यासारखे वाटेल. एवढ्यावरून बाकीचे सगळे समजले. धाकटा सत्तावीस वर्षांचा आहे, हिंजवडीत नोकरी करतो, कर्वेनगरात वन रूम किचनमध्ये एकटा राहतो, आणि शनिवारी संध्याकाळी त्याच्या ऑफिसातली एक मुलगी त्याच्याकडे प्रथमच जेवायला येणार होती. सरांनी ‘डेट’ या शब्दावर आक्षेप घेऊन ‘जेवायला बोलावणे’ हाच शब्द पुरेसा आहे असे सुचवले, परंतु आषाढातला पाऊस सुरू होता आणि टपरीच्या ताडपत्रीखाली जागा कमी होती, त्यामुळे तो मुद्दा कोणी फार ताणला नाही.

भाऊ मूळचे मालवणचे. त्यांच्या मते यात चर्चा करण्यासारखे काहीच नव्हते. सुरमईचे चार तुकडे आणावेत, त्यांना हळद, मीठ, तिखट आणि आगळ लावून अर्धा तास ठेवावे, रव्यात घोळवून तव्यावर तळावेत आणि बाजूला गरम भात ठेवावा, म्हणजे पुढच्या वीस मिनिटांत ताटाला असे रूप येते की पाहुणी बघत राहते. पदार्थ सोपा आहे हे आम्हा सर्वांना मान्य होते. अडचण अशी की जुलै महिना होता. १ जून ते ३१ जुलै या काळात महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर यांत्रिकी नौकांना मासेमारीची बंदी असते, त्यामुळे पुण्यात या दिवसांत मिळणारी सुरमई बहुधा बर्फातली असते, आणि बर्फातल्या सुरमईचे कौतुक भाऊ स्वतः कधी करत नाहीत. त्यातून तो दिवस शनिवार. पुष्कळ घरांत सोमवार, गुरुवार आणि शनिवार पाळतात, आणि मुलगी त्यांपैकी काय पाळते हे धाकट्याने विचारलेच नव्हते.

“म्हणजे ती काय खाते हे तुला माहीत नाही, आणि तिला काय करून घालायचे ते तू आम्हाला विचारतो आहेस,” असे डॉक्टरताई म्हणाल्या, तेव्हा धाकट्याने ग्लास खाली ठेवला. ताईंनी त्याला तिथल्या तिथे फोन काढायला लावला. पाच मिनिटांत उत्तर आले. ती नागपूरची होती, मांसाहार करत होती, पण आषाढी एकादशीपासून घरच्या रीतीप्रमाणे चातुर्मासात कांदा-लसूण खात नव्हती. आमचे निम्मे पर्याय त्या एका निरोपाने निकालात निघाले, कारण पावभाजी, छोले, पनीरची लाल भाजी, अंडा करी या धाकट्याला येत असलेल्या सगळ्या पदार्थांचा पाया कांदाच होता.

नागपूरचे नाव ऐकताच भाऊंनी मासे सोडून एकदम वडाभात आणि गोळाभात यांच्याकडे मोर्चा वळवला. तिच्या गावचे काही केले तर तिला आपुलकी वाटेल, असा त्यांचा युक्तिवाद होता. मला हा युक्तिवाद मुळातच घातक वाटतो. गोळाभात ज्या घरात पिढ्यान्‌पिढ्या होतो, त्या घरच्या मुलीपुढे यूट्यूबवर बघून केलेला गोळाभात ठेवायचा आणि वरून कढवलेल्या तेलाची फोडणी ओतायची, म्हणजे तिच्या आईशी स्पर्धा लावून घ्यायची, आणि ती स्पर्धा पहिल्या घासालाच हरलेली असते. सरांनी यावर एक चांगला मुद्दा मांडला. पाहुण्याच्या मनात ज्या पदार्थाचे मोजमाप तयार नसते तोच पदार्थ करावा, असे ते म्हणाले, पण त्यावरून त्यांनी निष्कर्ष काढला तो पांढऱ्या सॉसमधल्या पास्त्याचा. धाकट्याने नम्रपणे सांगितले की ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये दर बुधवारी तोच असतो, आणि सर खिन्न झाले.

आप्पा तोवर बोलले नव्हते. ते लग्नाच्या पंगतींना जेवण पुरवतात, आणि कट्ट्यावर स्वयंपाकाचा विषय निघाला की ते आधी सगळ्यांना बोलू देतात. “लग्नातला मसालेभात कर,” ते म्हणाले. “त्यात कांदा नसतो, लसूण नसते, झाकण काढल्यावर वास सगळ्या घरभर जातो, आणि तो वीस मिनिटे तसाच राहिला तर बिघडत नाही, उलट मुरतो.” सरांचे तत्त्व या पदार्थाला बरोबर लागू पडत होते. नागपूरच्या मुलीने मसालेभात खाल्लेला असणार, पण पुण्याच्या पंगतीतला, तोंडली घातलेला, गोड्या मसाल्याचा भात ही तिच्या घरची रोजची गोष्ट नसणार, त्यामुळे ओळख आणि नवेपण दोन्ही साधत होते. खरे तर इथेच चर्चा संपायला हरकत नव्हती.

ती संपली नाही, कारण भाऊंना भाताबरोबर गरम पुऱ्या हव्या होत्या. नुसत्या भातावर पाहुणीची बोळवण करणे त्यांना अप्रशस्त वाटत होते. मग मला माझी वीस वर्षांपूर्वीची गोष्ट सांगावी लागली. आताची माझी पत्नी तेव्हा पहिल्यांदा माझ्या खोलीवर जेवायला आली होती, आणि मी बटाट्याची भाजी आणि पुऱ्या असा बेत केला होता. पुरी गरमच वाढली पाहिजे या हट्टापायी मी तिला बाहेरच्या खोलीत बसवून आत कढईपाशी उभा राहिलो, दोन-दोन पुऱ्या नेऊन तिच्या ताटात टाकत राहिलो, आणि तेल जास्त तापेल या भीतीने प्रत्येक वेळी पळत परत गेलो. बावीस पुऱ्या तळल्या, त्यांतल्या अठरा टम्म फुगल्या, आणि तेवढ्या वेळात तिने माझ्याकडचे वर्तमानपत्र छोट्या जाहिरातींसकट वाचून काढले. त्या दिवशी आपल्याला तुमची पाठ चांगली ओळखीची झाली, असे ती अजूनही म्हणते. भाकरी, थालीपीठ, डोसा, भजी या सगळ्यांना तोच दोष आहे. करणारा आत आणि खाणारा बाहेर. पिठले तर आणखी वाईट, कारण ते वाट बघत नाही, बोलता बोलता दहा मिनिटे गेली की त्यावर साय धरते आणि पळी रोवली तर उभी राहते.

म्हणून माझे म्हणणे असे होते, आणि आजही आहे, की अशा जेवणात बेल वाजण्यापूर्वी सगळे झालेले असावे आणि बेल वाजल्यानंतर फक्त झाकण काढायचे उरावे. भाऊ यावर म्हणाले की मग करणाऱ्याचे कौशल्य दिसणार कसे. ताई म्हणाल्या की ज्याला समोर बसून निवांत जेवता येते त्याचे कौशल्य आपोआप दिसते, आणि स्वच्छ ओटा व पुसलेले ग्लास हे पुऱ्यांपेक्षा बायकांच्या लवकर लक्षात येतात. भाऊंनी ‘बायकांच्या’ या शब्दावर हरकत घेतली, स्वतःच्याही लक्षात येतात असे ते म्हणाले. त्यांचे घर पाहिलेल्यांनी यावर काही बोलणे टाळले.

बुधवारी धाकट्याने रंगीत तालीम केली आणि डबा घेऊन कट्ट्यावर आला. डबा उघडल्यावर आप्पांनी चमचा न उचलता सांगितले की हा मसालेभात नसून मसाल्याची खिचडी आहे. शिते एकमेकांना चिकटून त्यांचा गोळा झाला होता आणि तोंडलीच्या चकत्या शोधाव्या लागत होत्या. चौकशी केली तेव्हा कळले की त्याने एक वाटी नव्या तांदळाला अडीच वाट्या पाणी घालून कुकरच्या चार शिट्ट्या घेतल्या होत्या. आप्पांनी मग वहीच्या कागदावर सगळे लिहून दिले, आणि पंगतीच्या आचाऱ्याला शोभेल अशा गांभीर्याने एकेक कारण समजावले.

कुकरमध्ये वाफ बाहेर जात नाही, म्हणून तिथे पाणी कमी लागते, पण नवशिक्याने कुकर घ्यावाच का, असा त्यांचा प्रश्न होता, कारण शिट्टी झाल्यावर आत काय चालले आहे ते दिसत नाही. जाड बुडाचे पातेले घ्यावे. दोघांना, पुन्हा वाढून घेण्यासकट, एक वाटी तांदूळ पुष्कळ होतो, आणि तो जुना असावा, कारण नवा तांदूळ चिकटतो. इंद्रायणीचा किंवा आंबेमोहराचा वास कितीही चांगला असला तरी त्यांचा भात मऊ होतो, तो वरणाबरोबर खावा. तांदूळ धुऊन चाळणीत अर्धा तास निथळू द्यावा. तोंडली आठ-दहा घ्यावीत आणि उभी चार फोडी करून चिरावीत, चकत्या करू नयेत. तेलात मोहरी, हिंग, हळद, दोन-चार लवंगा, दालचिनीचा तुकडा आणि कढीपत्ता घालून त्यावर तोंडली आणि काजू परतावेत, मग तांदूळ घालून तो उलथन्याला कोरडा खडखडू लागेपर्यंत परतावा. हा खडखडाट ऐकू येण्याआधी जो पाणी घालतो त्याचा भात मोकळा होत नाही, असे आप्पा म्हणाले, आणि त्यांनी चमच्याने ग्लासावर वाजवून तो आवाज कसा असतो तेही दाखवले. त्यानंतर दोन चमचे गोडा मसाला, मीठ, सुपारीएवढा गूळ आणि दोन वाट्या उकळते पाणी घालावे. गार पाणी घातले की तापलेले पातेले थंड पडते आणि तांदूळ मध्येच दडपतो. झाकण ठेवून मंद आचेवर पंधरा मिनिटे, मग गॅस बंद करून आणखी दहा मिनिटे झाकण न काढता. वाढताना वर साजूक तूप, ओले खोबरे, कोथिंबीर आणि बाजूला लिंबाची फोड.

सोबत काय असावे यावर फार वेळ गेला नाही. भाऊंना सोलकढी हवी होती, पण तिला लसूण लागते आणि मसालेभाताशेजारी पंगतीत मठ्ठा बसतो, असे आप्पांनी सांगितल्यावर ते गप्प झाले. आले, मिरची, जिरेपूड आणि कोथिंबीर घातलेला मठ्ठा दुपारीच करून फ्रिजमध्ये ठेवता येतो. पापड विस्तवावर भाजायचा.

खमंग काकडीवरून मात्र वाद पेटला. काकडीला मीठ लागले की पाणी सुटते, म्हणून ती आधी करून ठेवता येत नाही, आणि बेल वाजल्यानंतर काही करायचे नाही हा तर माझा नियम. ताईंनी तोडगा काढला की काकडी सोलून ठेवावी, दाण्याचे कूट आणि फोडणी तयार ठेवावी, आणि ती आल्यावर कोचवण्याचे काम दोघांनी मिळून करावे. पाहुणीला पहिल्याच भेटीत विळीवर बसवणार काय, असे सरांनी घाबरून विचारले. धाकट्याकडे विळी नाही, सुरी आणि पाट आहे, असे कळल्यावर त्यांचा जीव भांड्यात पडला. मला ताईंचे म्हणणे पटले, आणि माझा नियम एका काकडीपुरता सैल करायला मी तयार झालो. पुऱ्या तळणारा पाठ करून उभा असतो. काकडी कोचवणारे दोघे एकाच ओट्याशी, एकमेकांच्या शेजारी उभे असतात, आणि हाताला काम असले की तोंडाला शब्द सुचतात.

गोडाचा प्रश्न नीतीचा निघाला. विकतचे श्रीखंड आणून स्वतःच्या वाटीत काढले तर ती फसवणूक होते का, यावर गुरुवारची सबंध संध्याकाळ गेली. सरांच्या मते न सांगणे आणि खोटे सांगणे यांत फरक आहे. ताईंच्या मते जेवायला बोलावलेल्या मुलीच्या बाबतीत तो फरक फार दिवस टिकत नाही. आप्पा म्हणाले की इतके तत्त्वज्ञान करण्याऐवजी मुलाने घरीच श्रीखंड करावे, ते मसालेभातापेक्षा सोपे आहे. एक किलो घट्ट दही फडक्यात बांधून चाळणीवर ठेवायचे, फक्त पावसाळ्यात ते बाहेर टांगायचे नाही, कारण दमट हवेत रातोरात आंबते. फ्रिजमध्ये खाली पातेले ठेवून रात्रभर ठेवावे. सकाळी साधारण निम्मा चक्का मिळतो. चक्क्याच्या पाऊणपट साखर मिसळून तासभर थांबायचे, साखर विरघळली की पुरणयंत्रातून किंवा बारीक चाळणीतून घासून काढायचे, आणि कोमट दुधात खललेले केशर व किसलेले जायफळ घालायचे. विस्तवाला हात लावावा लागत नाही, आणि कोणी विचारले तर छाती पुढे काढून उत्तर देता येते.

शुक्रवारी आप्पांनी आपल्या घरच्या गोड्या मसाल्याची पुडी आणून दिली. दगडफूल, खोबरे, तीळ, धने हे सगळे वेगवेगळे भाजून त्यांच्या घरी तो वर्षातून एकदा केला जातो, आणि ती पुडी कागदातून हातात घेतानाच बोटांना वास राहिला. आता याच न्यायाने मसाला कोणाचा हे सांगायचे की नाही, असा प्रश्न सरांनी उपस्थित केला. आप्पांनी तो धंद्याचे गुपित म्हणून फेटाळला, ताईंनी खरे सांगावे असे बजावले, आणि मी म्हणालो की कोणी मसाल्याबद्दल विचारतच नाही, भात आवडला तर माणूस पुन्हा वाढून घेतो, एवढेच.

शनिवारी रात्री नऊ वाजून वीस मिनिटांनी आमच्या गटावर धाकट्याचा निरोप आला: “श्रीखंडाबद्दल काहीच विचारले नाही. गोडा मसाला कोणी केला म्हणून विचारते आहे. काय सांगू?”

भाऊंनी ‘स्वतः केला म्हणून सांग’ असे लिहिले, ताईंनी ‘खबरदार’ एवढेच लिहिले. आप्पांनी बराच वेळ टाइप करून एक ओळ पाठवली: “आधी भात मोकळा झाला का ते सांग.”

त्यावर रात्री उत्तर आले नाही.