रिव्ह्यूला उत्तर: आठही दिवे लागले, तरी चूक वायरीतच होती

नमस्कार सर,

तुमचा रिव्ह्यू वाचला. एक स्टार दिलात आणि लिहिलंत की व्हिडिओ अडकू नये म्हणूनच आमच्याकडून घरभर लॅनची वायर टाकून घेतली, तरी हॉलमधला टीव्ही दर दोन-चार मिनिटांनी थांबतो, गोल गोल फिरत राहतो. त्याच टीव्हीवर वाय-फाय लावलं की तोच सिनेमा सुरळीत चालतो. आमचा माणूस आला, वायर तपासायचा टेस्टर लावला, आतल्या आठ तारांचे आठही दिवे लागले म्हणाला, इंटरनेटचा प्लॅन वाढवा असं सांगून गेला. तुम्ही प्लॅन वाढवलात, काडीचा फरक पडला नाही.

गुरुवारी मी स्वतः येऊन गेलो, त्यामुळे काय निघालं ते तुम्हाला माहीत आहे. पण तक्रार सगळ्यांसमोर झाली, तेव्हा कबुलीही सगळ्यांसमोरच द्यायला हवी. चूक आमची होती. ती वायर आम्ही चुकीची जोडली होती.

तुम्ही आमच्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की वाय-फायवर सगळं ठीक चालतं. खरं तर अर्धं निदान तिथेच झालं होतं. टीव्ही तोच, सिनेमा तोच, इंटरनेट तेच. बदलली ती फक्त राउटरपासून टीव्हीपर्यंतची वाट. मग दोष इंटरनेटचा कसा असेल? ऑनलाइन फोर-के सिनेमाला साधारण १५ ते २५ एमबीपीएस पुरतात आणि तुमचा जुना प्लॅनही त्याच्या बराच वर होता. आमच्या माणसाने तुमचं म्हणणं ऐकलं, पण त्यावर विचार केला नाही. मला याचं वायरीच्या चुकीपेक्षा जास्त वाईट वाटलं.

आता नेमकं काय झालं होतं ते सांगतो, कारण हा दोष फसवा आहे आणि इतरांच्या घरीही असू शकतो. मी टीव्हीची वायर काढून माझ्या लॅपटॉपला लावली. पोर्टचा दिवा हिरवा, पिंग (पलीकडून उत्तर येतं का ते बघणारी चाचणी) व्यवस्थित, एकही पॅकेट, म्हणजे डेटाचं पुडकं, हरवलं नाही. एवढ्यावर कुणीही म्हणेल की लाइन ठीक आहे. पण पिंगचं पॅकेट छोटंसं असतं आणि सेकंदाला एकच जातं. मग दुसरा लॅपटॉप स्विचला, म्हणजे लॅनच्या वायरी जिथे एकत्र येतात त्या डब्याला, लावून दोघांमध्ये आयपर्फ हे वेग मोजायचं सॉफ्टवेअर चालवलं, म्हणजे इंटरनेट बाजूला ठेवून फक्त घरातल्या वायरीवर सलग डेटा ढकलला. गिगाबिट, म्हणजे हजार एमबीपीएसच्या, लाइनवर प्रत्यक्षात ९४० एमबीपीएसच्या आसपास यायला हवेत. इथे आकडा चाळीसवर जायचा, सातवर यायचा, मध्येच शून्य. माझा स्विच पोर्टवरच्या चुका मोजतो. त्यात सीआरसी एररचा, म्हणजे वाटेत बिघडलेल्या पॅकेटांचा, आकडा आमच्या डोळ्यांदेखत वाढत होता, तुम्हीही पाहिलात.

मग टीव्हीमागचा, वायरीच्या टोकाचा जॅक मोबाइलच्या टॉर्चसमोर धरला. पारदर्शक प्लास्टिकमधून रंग स्पष्ट दिसत होते: पांढरा-नारंगी, नारंगी, पांढरा-हिरवा, हिरवा, पांढरा-निळा, निळा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दिसायला अगदी नीटनेटकं, जोड्या शेजारी शेजारी. आणि तेच चुकीचं. पांढऱ्या-हिरव्यानंतर निळा, मग पांढरा-निळा आणि त्यानंतर हिरवा यायला हवा. कारण जॅकमध्ये प्रत्येक तारेसाठी एक पिन असते, एक सिग्नल तिसऱ्या आणि सहाव्या पिनच्या जोडीतून जातो आणि या दोन पिनवर एकमेकींना पीळ घातलेल्या, एकाच रंगाच्या दोन तारा असाव्या लागतात. तुमच्याकडे तिसरीवर पांढरी-हिरवी होती आणि सहावीवर निळी. दोघी वेगवेगळ्या जोड्यांतल्या. याला स्प्लिट पेअर म्हणतात.

पीळ शोभेसाठी नसतो. जोडीतल्या दोन तारांवर एकमेकांच्या उलट सिग्नल जातो. बाहेरचा गोंगाट दोघींवर सारखाच पडतो आणि पलीकडे दोघींतला फरकच मोजला जात असल्याने तो गोंगाट गळून पडतो. जोडी फुटली की हे संरक्षण जातं आणि शेजारच्या तारांचा सिग्नल आत झिरपतो. पॅकेट बिघडतात, टाकून दिली जातात, पुन्हा मागवली जातात, वेग कोसळतो. टीव्हीने साठवून ठेवलेला व्हिडिओ तेवढ्यात संपतो आणि चाक फिरायला लागतं.

मग टेस्टरचे आठही दिवे कसे लागले? तो साधा टेस्टर फक्त एवढंच बघतो की या टोकाची एक नंबरची तार त्या टोकाला एक नंबरवरच पोचली का. दोन्ही टोकांना सारखीच चूक केली तर त्याच्या लेखी सगळं बरोबर! हातभर वायरीवर ही चूक बहुतेक वेळा जाणवतही नाही. तुमची वायर स्विचपासून हॉलपर्यंत जवळजवळ तीस मीटर आहे, तिथे ती उघडी पडली. बाकीच्या खोल्यांत भिंतीवरच्या सॉकेटवर रंग छापलेले असतात म्हणून तिथे घोळ झाला नाही. हॉलमध्ये सॉकेट न बसवता थेट जॅक क्रिंप केला होता, म्हणजे पकडीने दाबून वायरीवरच बसवला होता.

दोन्ही टोकं कापून नवीन जॅक मारले, पीळ जॅकच्या अगदी तोंडापर्यंत राखला, आणि त्याच वायरीवर आकडा ९४१ वर जाऊन स्थिर राहिला. वायर बदलावी लागली नाही. तुम्ही लिहिलंत की आम्ही हलकी वायर वापरली. तेवढं मात्र मान्य करता येणार नाही. ती शुद्ध तांब्याची, कॅट-सिक्स दर्जाची लॅन वायर आहे, कापलेला तुकडा तुमच्याकडे ठेवला आहे, ब्लेडने तार खरवडून बघा. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा असेल तर आतून चंदेरी दिसेल.

दोन गोष्टी अजून राहतात. त्या वायरीच्या नाहीत, पण तुम्हाला पुन्हा तसंच वाटेल म्हणून लिहितो. तुमच्या टीव्हीचा लॅन पोर्ट १०० एमबीपीएसचाच आहे. बऱ्याच टीव्हींचा तसाच असतो. ऑनलाइन सिनेमांना तो भरपूर झाला, पण नेटवर्कवरच्या हार्ड डिस्कवर ठेवलेले तुमच्या कॅमेऱ्याचे फोर-के व्हिडिओ काही क्षणी शंभरच्या वर जातात, ते तिथे अडखळणारच. तेवढ्यांसाठी वाय-फायच लावा. माझा धंदा वायरीचा असला तरी इथे वाय-फाय सरस आहे. दुसरं म्हणजे, कॅमेरा आडवा फिरतो तेव्हा चित्र किंचित झटके देतं असं तुम्ही दाखवलंत. ते नेटवर्कमुळे होत नाही. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमचा आणि पडदा ६० हर्ट्झचा, म्हणून एक फ्रेम दोनदा, पुढची तीनदा दाखवावी लागते. सेटिंगमध्ये फ्रेम रेट जुळवण्याचा पर्याय चालू केला की फरक पडेल.

आमच्याकडे बदललं ते असं. नुसते दिवे बघून आता कुठलंही काम पूर्ण धरलं जाणार नाही. प्रत्येक पॉइंटवर दहा मिनिटं सलग डेटा चालवायचा, एररचा आकडा शून्य राहिला तरच सही घ्यायची. ज्याने तुमचा जॅक मारला तो मुलगा कामाला चांगला आहे, पण रंगांचा क्रम त्याला कुणी समजावून सांगितला नव्हता. ते काम माझं होतं. त्याने ज्या ज्या घरी थेट जॅक मारले आहेत तिथे आम्ही स्वतःहून फोन करतो आहोत. तीन ठिकाणी तपासणी झाली, त्यातल्या एका घरी हाच दोष सापडला.

आमच्या सांगण्यावरून वाढवलेल्या प्लॅनचा फरक आम्ही भरू, बिल तेवढं पाठवा. जुन्या प्लॅनवर परत जायला काहीच हरकत नाही. शनिवारी सकाळी हॉलमध्ये सॉकेट बसवायला मी त्या मुलाला घेऊन येतो आहे. वरच्या खोलीतली लाइन गुरुवारी कपाटामागे असल्याने तपासता आली नाही, तेवढं कपाट जरा पुढे ओढून ठेवा.