नोराची सही आणि आमची हक्कसोड

चुलतभाऊ वारल्यावर त्याच्या मुलीनं लातूरकडच्या औशात हक्कसोडपत्रावर, म्हणजे जमिनीतला आपला वाटा सोडून देण्याच्या कागदावर, सही करायला नकार दिला आणि घरच्या ग्रुपवर खापर फुटलं माझ्यावर. नॉर्वेचा नाटककार इब्सेन, त्याचं ‘अ डॉल्स हाउस’ तिला मी वाचायला दिलं होतं ना! ‘अक्का, तुमच्या पुस्तकापायी पोरगी माहेराला मुकली. स्टुटगार्टात बसून बोलायला काय जातंय?’ असं माझ्या धाकट्या भावानं लिहिलं.

ज्यांनी ते नाटक उघडूनही पाहिलं नाही, त्यांनी त्याला नावं ठेवू नयेत. त्यातल्या नायिकेला, नोराला, काही आयतं मिळत नाही. नवऱ्याच्या प्रकृतीसाठी ती गुपचूप कर्ज काढते, आणि बाईला परस्पर कर्ज मिळत नाही म्हणून बापाची खोटी सही करते. शेवटी तीन लेकरं मागं ठेवून, अंगठी परत देऊन, नवऱ्याची मदत नाकारून घराबाहेर पडते. १८७९ साली लिहिलेल्या या नाटकात स्वातंत्र्याची किंमत इतकी रोखठोक सांगितली आहे. ते वाचून पोरगी बिघडली नाही, हिशेब करायला शिकली.

जर्मनांनाही तो शेवट पचला नव्हता. इथल्या रंगभूमीसाठी १८८० मध्ये इब्सेनला नोरा घरातच राहते असा शेवट लिहून द्यावा लागला. संसार सांभाळून जमेल तेवढीच बायकोनं नोकरी करावी, हे कलम इथल्या कायद्यात १९७७ पर्यंत होतं. पण ते गेलं, तसं लोकांच्या मनातूनही उतरलं. माझी शेजारीण एकटी राहते, हीटिंगसकट घरभाडं स्वतः भरते, आणि रविवारी भाऊ केक घेऊन तिच्या दारात येतोच.

आपल्याकडं कायदा कधीच बदलला. वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच वाटा महाराष्ट्रात १९९४ मध्ये आला, देशभर २००५ मध्ये. तरी बहिणीला जीप करून निबंधक कार्यालयात आणतात, नवी साडी हातात ठेवतात, ‘स्वखुशीने’ हा शब्द वाचून दाखवतात आणि अंगठा घेतात. परत जाताना रस्त्यात उसाचा रस पाजतात. साडीची घडीसुद्धा तिनं मोडलेली नसते.

मी सही केली नाही. सातबाऱ्यावर माझं नाव आहे. तेव्हापासून भाऊबीजेचा फोन आखूड झाला आणि येळवशीला, म्हणजे रानात जेवायच्या वेळ अमावास्येच्या सणाला ये, असं कुणी म्हणेना. डिसेंबरात इथं चारलाच अंधारून येतं, तेव्हा ग्रुपवर आमच्या रानातले फोटो येतात: कडब्याची कोप, भज्जी, बाजरीचे उंडे, आंबिलीचं मडकं. माझ्याच रानात पंगत बसलेली असते आणि मी ती परक्यासारखी बघते. इथलं नागरिकत्व घेतलं की भारताचं सुटतं; त्याचा अर्ज भरलेला माझ्याकडं पडून आहे, तो अजून दिला नाही, त्याचं कारण हे रान आहे.

ही किंमत मी भरते आहे, पण ती इब्सेननं लावलेली नाही, माझ्या भावानं लावली आहे. माहेर पाहिजे की वाटा, एक काय ते ठरव, असं तो म्हणतो. मला दोन्ही पाहिजे. त्याला कुणी ठरवायला लावलं होतं?