खोडव्याआधी एक काडी

ऊसतोडणीची टोळी शेवटची मोळी ट्रॉलीत टाकून निघाली की वेळ दवडू नका, खोडवा (बुडख्यांतून फुटणारा पुढचा ऊस) वर यायच्या आत काडी लावा. रानात एकरी साडेतीन-चार टन पाचट, म्हणजे उसाची वाळलेली पानं, पसरलेलं असतं, आणि पाचट म्हणजे कचरा, असं वाडवडील सांगून गेलेत. (वाडवडिलांच्या काळी ते छपरावर आणि गुरांखाली जायचं. तो तपशील सोडा.)

मुहूर्त थंडीतल्या संध्याकाळचा धरावा. दिवस मावळला की जमिनीलगतची हवा गार होऊन खाली बसते, वर ऊबदार हवेचं झाकण पडतं, आणि धूर गावातच मुक्कामाला राहतो.

पाचट खडखडीत वाळलेलं असेल तर भडका उडतो आणि काळी काजळी सुटते. ती हवेत आठ-पंधरा दिवसच टिकते, पण तेवढ्यात ऊन शोषून हवा तापवते. पाचट ओलसर असेल तर आणखी उत्तम. आग धुमसते, मिथेन आणि कार्बन मोनॉक्साइड जास्त निघतो. २० वर्षांच्या हिशेबात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ८० पट तापवतो. मोनॉक्साइड स्वतः फारसं तापवत नाही. तो हवेतलं हायड्रॉक्सिल संपवतो, आणि मिथेनचा फडशा पाडणारं तेच. राखणदारालाच दुसऱ्या कामाला जुंपलं की झालं.

कोणी शहाणा म्हणेल, पाचटाचा कार्बन डायऑक्साइड पुढचा ऊस परत शोषून घेतो. मान डोलवा, हिशेब बरोबर आहे. काजळी, मिथेन आणि नायट्रस ऑक्साइड (धुरातला आणखी एक तापवणारा वायू) ऊस शोषत नाही, एवढंच बोलू नका. दुसरा सांगेल, धुरातले फिकट कण ऊन माघारी धाडतात, उलट गारवा येतो. हेही खरं. फक्त ते कण पंधरवड्यात खाली बसतात, मिथेन बाराएक वर्षं राहतो आणि नायट्रस ऑक्साइड शंभरावर.

आता नत्र. पाचटात ते अर्धा टक्का, म्हणजे एकरी १५-२० किलो असतं. काडीसरशी बहुतेक सगळं हवेत जातं. मग दुकानातून युरियाची ४५ किलोची गोणी आणा, तेवढंच नत्र परत मिळतं. युरिया नैसर्गिक वायूपासून बनतो, म्हणजे कारखान्याच्या धुराड्यातही आपला हातभार. शिवाय रानात टाकलेल्या युरियातून पुन्हा थोडा नायट्रस ऑक्साइड निघतोच.

बांधापलीकडे एखादा हटवादी असतो. तो बुडखे जमिनीलगत छाटतो, पाचट सरीत दाबतो, टनाला ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट आणि पाचट कुजवणारं १ किलो जिवाणू संवर्धक टाकून पाणी सोडतो. त्याच्या खोडव्यात तण कमी, पाण्याच्या पाळ्याही कमी. त्याच्याशी वाद घालू नका. वाऱ्याचा रोख त्याच्या रानाकडे असेल तेव्हा काडी ओढा. त्याचं पाचटही तुमच्या पाचटासारखंच जळेल, ठिबकच्या नळ्या तेवढ्या जादा वितळतील.